ठोकून पाहणी

हातोडी लहान, अर्ध्या किलोची.
भिंतीवर मारायची आणि कान द्यायचा.
भरीव असेल तर टण्‌,
सुटलेलं असेल तर डब.
खोपटच्या या कोपऱ्यावर सकाळपासून
डब, डब, डब चाललंय.

कागदावर: तळमजला अधिक एक,
वापर व्यापारी, वय अंदाजे सत्तर,
मालक टिपणीस मोटर्स, आणि पुढे अकरा वारस,
ज्यांतले चार एकमेकांशी बोलत नाहीत.

केरबा किल्ल्यांचा जुडगा घेऊन मागे मागे.
"मॅडम, हितं आधी गाड्या. मग कापडाचा सेल.
मग लग्नाचा हॉल, पण त्यो चालला न्हाई.
पार्किंग नव्हतं."
गाड्यांच्या दुकानाला पार्किंग नाही,
यावर आम्ही दोघं जरा जास्तच हसलो.
मग बारावीचा क्लास. मग लसीकरण केंद्र.
मग कबुतरं.

मागच्या शेडमध्ये खड्डा आहे, पुरुषभर, तेलाने काळा.
राबोडीचे याकूब मिस्त्री त्यात उभे राहून
आभाळ म्हणून तीस वर्षं गाड्यांची पोटं बघत होते.
आता नातू घोडबंदरला बॅटरीच्या स्कूटर विकतो.
त्याच्या नखांत काही नसतं.

आणि बाळकुमचे हिराजी भोईर
रेतीच्या पैशांची पिशवी मांडीवर घेऊन
या बाकावर दोन तास बसले होते.
शेठ जेवताहेत, म्हणाले चौबळ कारकून.
भोईर उठले. गाडी घेतली नाही,
पुढच्या वर्षी समोरचा प्लॉट घेतला.
तिथे आज बावीस मजले.
दुपारी तीननंतर इथे त्यांचीच सावली पडते.
(ही केरबाची माहिती. मी पडताळलेली नाही.)

बीमची सळई उघडी पडलीय, बोटानेही सोलते.
फोटो क्रमांक सतरा.

माझ्या माहितीतलं एवढंच:
काचेच्या आत एक फियाट असायची, दुधी रंगाची.
विकायची नव्हती.
जमिनीतल्या लोखंडी चकतीवर ती इतकी हळू फिरायची
की मला वाटे, आपणच सरकतोय.
रविवारी वागळे इस्टेटीतून बाबा मला चालत आणत.
आमचा नंबर तीनशे बारा.
पावती देवघरात, कुंकवाचा ठिपका लावून.
बाबांनी लायसन काढलं,
तीनदा रिन्यू केलं,
आणि कुणाची गाडी कधी मागून चालवली नाही.
आपली येईल की, म्हणत.

दोनशे ऐंशीच्या आसपास रांग थांबली.
पुढे रांगेशिवाय गाड्या मिळायला लागल्या तेव्हा
आमच्याकडे फक्त नंबर होता.
भरलेले पैसे व्याजासकट परत आले, चेकने.
त्यात माझी पहिल्या वर्षाची फी भरली, सिव्हिलची.
बाबा म्हणाले, बघ, आली गाडी.

चकती अजून आहे.
कडेच्या खाचेत अक्षता,
स्टेपलरच्या पिना,
सुईवरची निळी टोपी.
केरबाला म्हटलं, तू तिकडून पायाने रेट.
आधी नुसतं कण्हली.
मग फिरली, वीतभर.
मी मधोमध उभी होते.
काचेतला रस्ता, रिक्षांचा स्टँड,
भोईरांचे बावीस मजले,
सगळं वीतभर सरकलं आणि अडकलं.

सी-वन लिहिलं. अतिधोकादायक, पाडावी.
जे आहे तेच लिहिलं.
सही करते आहे तोवर केरबा विचारतो,
"ही चकती किलोवर जाईल, का अख्खी?"
म्हटलं, वजन करायला आधी
उचलावी लागेल.